शीलाचं मनगट

हे मी बायकोलाही सांगितलं नव्हतं. ती जाऊन सहा वर्षं झाली. शेवटच्या आजारपणात तिच्या उशाशी बसून तीन-चारदा तोंड उघडलं होतं, आणि दर वेळी फक्त पाणी हवंय का, एवढंच विचारलं. आता मी अठ्ठ्याहत्तरचा आहे. गेल्या रविवारी जे पाहिलं ते पाहिलं नसतं, तर कदाचित हे माझ्याबरोबरच गेलं असतं. दोघी सोडल्या, तर हे वाचणारे तुम्ही मला ओळखत नाही — ते एका परीनं बरंच आहे.

आधी मी कोण, ते सांगायला हवं. तरुणपणी फौजेत होतो. तिथं शर्यतीची बोट वल्हवायला शिकलो. परत आल्यावर उमरखेडला एका शाळेत खेळाचा मास्तर झालो. पैनगंगेवरच्या धरणाचा फुगवटा फार लांब नव्हता. एवढं पाणी, आणि त्यावर मासेमारीच्या डोंग्यांशिवाय काही नाही, हे मला बघवेना. खटपट करून पुण्याहून एक जुनी, दोनदा सांधलेली बोट आणली. चौघी वल्हवणाऱ्या, आणि एक चिमणी पोर मागे बसून हाका देणारी. मुलींचा संघ उभा केला. बोट पाण्यात घालायच्या आधी सहा महिने त्यांना मैदानात बाकांवर बसवून बांबू ओढायला लावले. रस्त्यानं जाणारे थांबून विचारायचे, "काय सर, धुळीत बोट चालवून राह्यले का?" मुली हसायच्या, मीही हसायचो. चांगले दिवस होते ते. मी बिघडवीपर्यंत.

एक गोष्ट समजावून सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. वल्ह्याचं पातं पाण्यात घालायचं, पायांनी रेटायचं, दांडा छातीपर्यंत ओढायचा. हात छातीशी आले, की मगच मनगटं किंचित खाली दाबायची, म्हणजे पातं पाण्यातून अलगद बाहेर येतं. चौघींचं एकाच क्षणी. एकीचंही पातं आत अडकलं, तर चालत्या बोटीचा सगळा जोर त्या दांड्यातून तिच्या छातीवर येतो आणि बोट जागीच मरते. याला आम्ही खेकडा धरला म्हणायचो.

वल्हवणाऱ्या मुली पाच होत्या, जागा चार. तिघी पक्क्या होत्या. उरलेल्या जागेसाठी, बोटीतल्या तिसऱ्या क्रमांकाच्या, दोघींत चुरस होती. एक शीला. तिचे वडील त्याच फुगवट्यात जाळी टाकायचे. पाणी तिला अंगणासारखं होतं. उंच, सडसडीत, बोलायला कमी. दुसरी माधुरी. माधुरी मेहनती होती, सांगितलेलं विसरायची नाही — आणि माधुरी माझी मुलगी होती.

आता कळलं, असं तुम्हाला वाटेल. एवढ्यात समजून घेऊ नका. मला अजून तिथपर्यंत यायचं आहे.

राज्य स्पर्धा जवळ आली होती. तिथं पदक मिळालं, तर खेळाडूंच्या राखीव जागेतून सरकारी नोकरीची वाट उघडत होती. माधुरी नोकरीच्या एका परीक्षेत दोनदा थोडक्यात राहिली होती. शीलाच्या घरी नोकरी हा शब्दच तोवर कुणी वापरला नव्हता. म्हणजे गरज कुणाची मोठी होती? हा प्रश्न मी तेव्हा स्वतःला विचारला नाही. विचारला असता, तर उत्तर माहीत होतं.

निवडीची पद्धत मीच घालून दिली होती आणि ती अगदी निकोप होती. बाकीच्या तिघी तशाच बसवायच्या. तिसऱ्या जागेवर आधी एक, मग दुसरी. वाळक्या बाभळीपासून पंपघरापर्यंत तेच अंतर, हातात घड्याळ. वेळ बोलेल, सरांनी बोलायचं नाही — हे माझंच वाक्य. पोरींना पाठ होतं.

माधुरी आधी बसली. चांगली वल्हवली. पण आदल्या आठवड्यात सरावात शीलाची वेळ मी गुपचूप घेतली होती, आणि ती माधुरीला गाठता येणार नव्हती. त्या दिवशी नाही, कधीच नाही.

बोट काठाला लागली. आता एक काम होतं, आणि ते नेहमी मीच करायचो. वल्हं ज्या कडीत फिरतं तिला आम्ही गेट म्हणतो. ते उभ्या खिळ्यावर बसतं, आणि त्याच्या खालीवर प्लास्टिकच्या वायसर, म्हणजे चकत्या, असतात. बसणारी उंच असेल तर खाली वायसर वाढवून गेट वर घ्यायचं. शीला माधुरीपेक्षा चांगली वीतभर उंच. आणखी दोन वायसर खाली घालायच्या होत्या. मी पाना घेऊन गुडघाभर पाण्यात उभा राहिलो. पाचही मुली समोर होत्या. नट सैल केला. आणि ज्या दोन खाली होत्या, त्याही काढून वर घातल्या, म्हणजे गेट उलट आणखी खाली आलं.

लपूनछपून नाही. भर सकाळी, सगळ्यांच्या देखत. मास्तर गेट बसवतोय, यात बघण्यासारखं काय होतं?

शीला बसली. सुरुवातीला दोन-चार हात मारले आणि मान वळवून काठाकडे बघत म्हणाली, "सर, दांडा मांडीले लागून राह्यला."

इथं थांबायला हवं मला. कारण इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलो, की माझा गुन्हा म्हणजे त्या वायसर. तसं नाही. वायसर अजूनही परत घालता आल्या असत्या. पाना माझ्या हातातच होता. ती विचारत होती. मला फक्त "थांब, बघतो" म्हणायचं होतं. दोन शब्द.

मी म्हणालो, "दांड्याचं काही नाही. शेवटाला तुझं मनगट खाली जात नाही. किती दिवस सांगून राह्यलो तुले?"

कधीच सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं काही नव्हतंच.

तिनं मान हलवली. अविश्वासानं नव्हे — ऐकून घेतल्यासारखी. अर्ध्या अंतरापर्यंत बोट उडत होती. कमी उंचीच्या गेटशी झगडत तिनं कसं चालवलं असेल, मला आजही समजत नाही. मग पंपघर जवळ आलं, तिनं जोर वाढवला, आणि हात खाली दाबायला जागाच उरली नाही. पातं आत अडकलं. दांडा छातीवर आदळला, ती मागे कोसळली, बोट आडवी झाली. काठावर येईपर्यंत पुढच्या जागेवरची पोरगी बोलून गेली होती, "मासोळीवाल्याच्या घरची, अन् खेकडा धरते!" सगळ्या हसल्या. शीलाही हसली. माधुरी हसली नाही.

घरी येताना स्कूटरवर मागे बसून माधुरीनं एकदाच विचारलं, "बाबा, तिच्यासाठी गेट वर घेतलं होतं ना?"

मी म्हटलं, "घेतलं होतं."

तिनं पुन्हा कधी विचारलं नाही. तिच्या बापानं सांगितलं होतं, तिनं मानलं. माधुरी त्या बोटीत बसली, संघाला कांस्य मिळालं, पुढे तिला नोकरी लागली. आज ती नेरला आहे. प्रामाणिक म्हणून कचेरीत तिचं नाव आहे. तिचा या सगळ्यात काही दोष नाही, हे इथं स्पष्ट लिहून ठेवतो.

मुलीसाठी केलं, असं म्हणणं मला सोपं आहे. ते खरंही नाही. फौजेत शिकून आलेल्या मास्तरची पोरगी, लहानपणापासून माझ्या हाताखाली घडलेली, आणि मासे धरणाऱ्याच्या पोरीपुढं ती कमी पडणार — हे मला सोसलं नव्हतं. माझी ताठ मान. एवढंच होतं ते.

आणि शीला? दुसऱ्या दिवशी ती सर्वांच्या आधी मैदानात आली. "सर, मनगटाचं सांगा." मी काय करावं? मी तिला सराव दिला. नसलेल्या दोषावरचा सराव! बांबू ओढ, अर्ध्यावर असतानाच मनगट दाबायला लाग, थांब, पुन्हा. रोज दोनशे वेळा. ती वर्षभर करत राहिली. पुढच्या वर्षी बोटीचा सांधा गेला, संघ मोडला, तिचं लग्न झालं. उमरखेडच्या बाजारात ती मासोळी विकायला बसते. इतकी वर्षं मी तो रस्ता टाळत आलो.

गेल्या रविवारी ती माझ्या दारात आली. सोबत तिची मुलगी, पायल, पंधरा वर्षांची, आईसारखीच उंच. पुढच्या महिन्यात मुलींच्या बोटीसाठी निवड चाचणी आहे म्हणे. "सर, एकदा पाहून द्या हिले. मी घरी शिकवलं, जसं तुम्ही मले शिकवलं तसं. माझ्यासारखं व्हाले नको." मग मुलीला म्हणाली, "पाया पड सरांच्या. यांनीच माझी चूक दाखवली होती."

अंगणात बाक टाकला. पायलनं बांबू धरला. पाय उत्तम, पाठ सरळ, ताल असा की ऐकत राहावा. आणि हात छातीपर्यंत येण्याच्या कितीतरी आधीच मनगटं खाली. दर वेळी. पाण्यात असती, तर पातं मध्येच बाहेर येऊन नुसता फेस उडाला असता, ओढीचा शेवटचा सगळा जोर वाया. या ओढीवर कोणत्याही चाचणीत तिला पहिल्याच फेरीत उठवतील.

आईला नसलेला दोष मुलीला खराखुरा लागला होता. मी दिलेला.

शीला माझ्या तोंडाकडे बघत होती. "बरोबर हाय ना, सर?"

मी म्हणालो, "छान."

म्हणजे तिसरं खोटंही बोललो. तेही या वयात, माझ्याच अंगणात.

उद्या सकाळी सातला त्या दोघी पुन्हा येणार आहेत. बाकावर बसायच्या आधी हे कागद शीलाच्या हातात देईन. याची एक प्रत आजच नेरला माधुरीच्या पत्त्यावर टाकतो आहे. शीलानं उठून जायचं की पायलला बसवायचं, माधुरीनं पुन्हा या घरी यायचं की नाही, त्यावर माझं काही म्हणणं नाही.

ती जागा शीलाची होती. तिच्या मनगटात दोष नव्हता. पायलनं हात छातीशी येईपर्यंत दाबू नयेत.

शीला म्हणाली होती, सर, दांडा मांडीले लागून राह्यला.

लागत होता.