दोन कॅलेंडरं आणि एक दाढ

आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या अण्णांइतका शूर माणूस बेंगळुरूच्या उभ्या मल्लेश्वरममध्ये दुसरा सापडणार नाही. रिक्षावाल्यांशी ते अस्खलित कन्नडमध्ये भांडतात, सोसायटीच्या सभेत अध्यक्षांना खाली बसवतात, गच्चीवरच्या माकडांना नुसत्या नजरेने हुसकावतात. फक्त दातांच्या डॉक्टरचं नाव काढलं, की या वाघाला अचानक धर्म आठवायचा.

मूळचे बेळगावचे, सरकारी कारखान्यात इंजिनिअर म्हणून जन्म काढलेला आणि एरवी देवळाबाहेर चपला सांभाळत उभा राहणारा हा गृहस्थ. पण दाढ किडली आणि त्यांच्या स्वयंपाकघरात शेजारीशेजारी टांगलेली दोन कॅलेंडरं कामाला लागली. कन्नड कॅलेंडरात रोजचा राहुकाळ, मराठीत अमावास्या, एकादशी, संकष्टी. दोन्ही भाषा येत असल्यामुळे अण्णांना दोन्हीकडचं अशुभ फुकट मिळे. कोपऱ्यावरच्या दवाखान्यातली डॉक्टरीण बिचारी समजूतदार. "राहुकाळ संपल्यावर या की, अण्णा," असं तिने फोनवर सांगितलं, तर हे म्हणाले, "उद्या संकष्टी. आमच्यात उपासाला रक्त सांडत नाहीत." आमच्यात म्हणजे नक्की कुणात, हे त्यांच्या पत्नीला, म्हणजे अक्कांनाही ठाऊक नव्हतं.

दरम्यान गालात लवंग धरून अण्णा देशाचे प्रश्न सोडवत होतेच. गाल सुजला की दोष बेंगळुरूच्या हवेचा. "स्वल्प सूज आहे, उतरायलीय," हे ते गालाला रुमाल बांधून सांगत. ताटात मऊ भात, सार आणि पुन्हा भात. भाकरी का सोडली म्हणून विचारलं, तर ज्वारीलाच हल्ली पूर्वीची चव राहिली नाही म्हणे!

अक्का मात्र दुपारच्या आमच्याकडे येऊ लागल्या. "चतकोर दे गं," असं माझ्या बायकोला म्हणत आणि चांगली कडक भाजलेली भाकरी शेंगाचटणीबरोबर मन लावून खात. आम्हाला वाटलं, आमच्या भाकरीची कीर्ती वर पोचली. एका बुधवारी भर दुपारी घराला कुलूप पाहून अण्णा किल्ली मागायला खाली आले. अक्कांनी घाईघाईने ताटली पदराआड केली, पण तोंडातला घास कुरकुरलाच.

"घरी का करत नाहीस?" अण्णांनी विचारलं.

"तुम्ही भात गिळत बसणार आणि मी समोर भाकरी चावू?" अक्का म्हणाल्या. "मला नाही घास उतरत."

अण्णांनी गालातली लवंग काढून आमच्या खिडकीतल्या कुंडीत टाकली आणि म्हणाले, "सरी, बरं. चल दवाखान्यात." बुधवारी बारा ते दीड राहुकाळ असतो. आमच्या घड्याळात तेव्हा साडेबारा वाजले होते.

दाढ निघाली. डॉक्टरणीचेच हात कापत होते, आपण तिला धीर दिला, असं अण्णा हल्ली सगळ्यांना सांगतात.

दुपारी वरून भाकरी थापल्याचा आवाज येतो. दोघांपुरत्या होईपर्यंत तो चालतो. ऐकून फार बरं वाटतं. अक्कांची मात्र आठवण येते. मधे एकच मजला आहे, तरी येते. बायको अजूनही सवयीने एक भाकरी जास्तीची टाकते. ती तशीच झाकलेली राहते आणि संध्याकाळी आम्ही दोघं अर्धी अर्धी खातो.