टेपमास्तरांचे चार महिने

टेपमास्तरांची टिंगल करायची म्हणजे कष्टच होते, कारण माणूस रागावतच नसे. कर्करोगाच्या इस्पितळात तळमजल्यावर, एका बिनखिडकीच्या खोलीत त्यांचं राज्य: एक टेपयंत्र, एक लोखंडी कपाट आणि कपाटात तळहाताएवढ्या काळ्या टेपा. कुठल्या रोग्याला कुठे, किती किरण दिले याची नक्कल रोज संध्याकाळी टेपवर उतरवायची, टेप काढून कपाटात ठेवायची. "माझ्यापेक्षा त्या कपाटावर जास्त जीव," असं त्यांची बायकोच सांगत फिरायची. आम्हा इस्पितळातल्या कर्मचाऱ्यांनाही तेवढंच हवं असायचं.

मग नवे साहेब आले आणि त्यांच्यामागून डिस्कची पेटी आली.

"काका, टेपेवरची एक नोंद काढायला तुम्हाला अर्धा दिवस लागतो. डिस्कवर बोट ठेवलं की हजर."

"साहेब, तुमची डिस्क सदा तारेला चिकटलेली. मोठ्या संगणकाला रोग झाला की हिलाही झालाच. माझी टेप कपाटात निवांत झोपलीय."

"झोपू द्या. तुम्हीही झोपा आता थोडं!"

सगळे खिदळले. खोटं कशाला सांगू, मीही हसलो.

वर्षही झालं नाही, एका सकाळी व्हायरसने सगळ्या नोंदींना कुलूप घातलं. डिस्कवरच्या नकलाही गेल्या. साहेबांचा चेहरा पांढराफटक. मास्तरांनी शांतपणे कपाट उघडलं आणि एकेक टेप वाचायला लावली. नोंदी परत येऊ लागल्या, तसे साहेब स्वतः त्यांच्यासाठी चहा घेऊन खाली यायला लागले.

त्याच आठवड्यात मास्तरांच्या बायकोची पाठदुखी तपासली गेली. नऊ वर्षांपूर्वी इथेच किरण घेऊन बरी झालेली बाई. आजार आता मणक्यात उतरला होता.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तेव्हाचे नेमके आकडे आणा, मास्तर. मणक्याला आधी किती किरण लागलेत ते कळलं, तर पूर्ण उपचार करता येतील. अंदाजाने जास्त दिले तर पाय जातील."

कागदी फाइल कधीच रद्दीत गेली होती. पण मास्तर हसले. "टेप आहे ना, बाई."

तिच्या उपचारांच्या त्या चार महिन्यांच्या टेपा लावल्या. यंत्र कुरकुरलं, थांबलं. पुन्हा लावलं, पुन्हा थांबलं. आधीच्या टेपा ठीक, नंतरच्या ठीक. हेच चार महिने कोरे म्हणावेत असे.

साहेबांनी विचारलं, "असं कसं झालं, काका?"

मास्तरांनी यंत्र बंद केलं. मग सांगितलं. लिहून झालेली टेप यंत्र पुन्हा वाचून ताडून बघायचं, त्यात दीड तास जायचा. त्या महिन्यांत बायको उपचार घेऊन घरी एकटी ओकत पडलेली असायची. म्हणून ते ताडून बघणं त्यांनी बंद ठेवलं होतं. यंत्राच्या लिहिणाऱ्या टोकावर मळ साचला होता, पुढे सफाईत तो निघेपर्यंत लिखाण बिघडत राहिलं. ताडून पाहिलं असतं तर पहिल्याच दिवशी कळलं असतं.

घरी त्यांनी बायकोपासून काही लपवलं नाही.

"अहो, म्हणजे तेव्हा पाचलाच घरी यायचात ते यामुळे?"

"हो."

"आणि मी समजायचे, तुम्हाला तिथे कुणी विचारत नाही." ती हसली, मग कळ आली म्हणून थांबली. "एवढं तोंड पाडू नका. तेव्हा उशीर केला असतात, तर मी रोज भांडले असते."

डॉक्टरीणबाईंनी कमीत कमी मात्रा धरली. दुखणं थोडं सुसह्य होईल, पाय राहतील. आजार थांबणार नाही, हेही स्पष्ट सांगितलं.

इस्पितळ वाचवलं म्हणून साहेबांनी सभागृहात मास्तरांचा सत्कार ठेवला. भाषणं झाली, टेपेचं कौतुक झालं, आपली चूकही साहेबांनी मोठ्या मनाने कबूल केली. खुर्ची मात्र रिकामी होती. मास्तर त्याच इमारतीत, किरणांच्या खोलीबाहेरच्या बाकावर, बायकोची चप्पल आणि शाल मांडीवर घेऊन बसले होते.