साडीच्या बदल्यात खाचर

आधी आभार, मग हकीकत. आभार इबूचे. इबू हे तिचं नाव नाही. तिच्या जावा बेटावरच्या गावात वयाने मोठ्या बाईला असं म्हणतात, म्हणून लंडनच्या हाउन्सलोमधल्या आमच्या लॉन्ड्रीत मीही तिला तसंच म्हणते. एअरपोर्टजवळच्या हॉटेलांच्या चादरी आमच्याकडे धुवायला येतात. एक टोक इबू धरते, दुसरं मी. चार वर्षं आम्ही अशा समोरासमोर उभ्या आहोत. ती नसती तर आज माझ्या नावावर जगात काहीच नसतं, आणि वर त्याबद्दल मी सगळ्यांना थँक यू म्हणत बसले असते.

थँक यू ही माझी खोडच आहे. बस ड्रायव्हरला तर इथे सगळेच म्हणतात, मी आपोआप उघडणाऱ्या दारालाही म्हणते. आठवीतून शाळा सुटलेल्या माणसाला कायम वाटत असतं की आपण चुकून आत आलोय, आता कोणीतरी येऊन बाहेर काढेल. नवरा इथे हॉटेलात कुक म्हणून आला, त्याच्या व्हिसाचं शेपूट धरून मी आले.

तर झालं असं. वडील गेल्यावर आमचं कोकणातलं भाताचं खाचर दादाच्या आणि माझ्या नावावर चढलं. सातबाऱ्यावर माझं नाव आलं याचा मला जेवढा धक्का बसला, त्याहून जास्त वहिनीला बसला. आमच्याकडे रीत अशी, की बहिणीने हक्क सोडायचा, भावाने साडी द्यायची आणि मग बहिणीला माहेर कायमचं उघडं. कायमचं म्हणजे गणपतीत चार दिवस.

दादाचा फोन आला.

"अगो, तुला तिकडे काय कमी आहे? मी होमस्टे काढतोय. मुंबईची माणसं येणार, चिखलात उतरून लावणी करणार. भातशेती एक्सपिरियन्स! तुझी एक सही हवी फक्त."

"पैसे देऊन लावणी करणार?"

"मग! वर फोटो काढणार."

त्याच लावणीला एक हात कमी पडतो म्हणून मला शाळेतून काढलं होतं. दादाला चिखल चालत नसे, त्याला दहावीचा अभ्यास होता. मी लग्न होईपर्यंत, सात वर्षं, त्या खाचरात वाकून उभी होते. एक्सपिरियन्स म्हणाल तर भरपूर झाला, फोटो मात्र कोणी काढला नाही. पण हे तेव्हा सुचलंच नाही. तेव्हा मी म्हणाले, "बरं दादा. थँक यू हां." जमीन घेतल्याबद्दल.

कागद आणि साडी ईलिंगच्या एका साहेबांच्या बॅगेतून आले. मूळचे पुण्याचे, फायनान्समध्ये आहेत, आमच्या मराठी मंडळाचं सगळं तेच बघतात. आम्ही त्यांना सर म्हणतो. नवऱ्याचा व्हिसा वाढवायचा फॉर्म त्यांनीच भरून दिला होता, ते मी विसरणार नाही. पण सर मदत करायला लागले की थांबत नाहीत.

"ताई, हे साधं कुलमुखत्यारपत्र. म्हणजे तुमच्या वतीने तुमचे बंधू हक्क सोडल्याची सही करतील. मंगळवारी आपल्या वकिलातीत अपॉइंटमेंट घेतलीय, मी स्वतः येतो. उगाच इमोशनल होऊ नका. अॅट द एंड ऑफ द डे, रिलेशन्स इम्पॉर्टंट."

"हो सर. थँक यू सर."

सरांचं स्वतःच्या सख्ख्या भावाशी पुण्यातल्या फ्लॅटच्या पार्किंगवरून तीन वर्षं बोलणं बंद आहे. हे त्यांनीच मला एकदा मंडळाच्या जेवणात सांगितलं होतं, आणि सांगताना ते फार इमोशनल झाले होते.

सोमवारी मी साडी आणि कागद लॉन्ड्रीत घेऊन गेले. जेवणाच्या सुट्टीत इबूने साडीवर हात फिरवला. आम्ही बोलतो ते इंग्रजी इंग्रजांना कळत नाही, आम्हाला मात्र छान कळतं.

"कोणी दिली?"

"भावाने."

"का?"

मी सगळं सांगितलं. तिने डोळे बारीक केले. "किती साड्या?"

"एकच."

"आणि जमीन केवढी?"

ते मला पावलांत माहीत. "या बांधापासून त्या बांधापर्यंत नव्वद पावलं."

इबूने साडी झटकली. सवयीने मी दुसरं टोक धरलं. टेबलापासून ड्रायरपर्यंत साडी ताणून तिने बाजूने चालून मोजलं. सात पावलं.

"नुसत्या एका बाजूला तेरा साड्या," ती म्हणाली. "आणि शेत म्हणजे काय फक्त बांध असतो? मधे पण असतं."

सुपरवायझर आला. "ही कुठल्या हॉटेलची?"

"हिच्या भावाच्या," इबू म्हणाली. तो मान हलवून गेला.

मग ती टेबलाला टेकून तिच्या गावाचं सांगायला लागली. तिच्या वडिलांची जमीन पाच भावंडांत वाटली, मुलींना मुलांएवढीच. "फार न्यायाने वाटली गं. इतक्या न्यायाने, की माझ्या पट्ट्यात म्हैस वळवायची तर शेजारच्या भावाला हाक मारावी लागते, आणि भाऊ झोपलेला असतो." तिचा पट्टा चुलतभाऊ अर्धेलीने, म्हणजे निम्म्या पिकावर, करतो आणि दर पिकाला पोत्यांचा फोटो पाठवतो. पोती अशी रचतो की कमी दिसावीत. गावच्या मुखियाला पगाराऐवजी गावचंच शेत कसायला मिळतं. "म्हणजे पाटाचं पाणी आधी कुठे वळतं ते मला विचारू नकोस."

मी हसले. ती हसली नाही.

"पण एक आहे. आमच्याकडे ज्या बाया लावणी करतात, त्यांनाच कापणीला बोलवायचं. दुसऱ्या कोणाला नाही. कापतील त्यातला वाटा त्यांचा. शेत कोणाचं का असेना. तुझ्या शेतात लावणी कोण करायचं?"

"मी."

"किती वर्षं?"

"सात."

"आणि भाऊ?"

"त्याला अभ्यास होता."

इबूने साडीची घडी घातली, चादरीची घालते तशी, कडेला कड लावून. "मग तू दुसऱ्याचं काही मागत नाहीस," ती म्हणाली आणि डबा उघडून जेवायला लागली.

संध्याकाळी मी सरांना फोन केला. "सर, मी उद्या येत नाही. सॉरी सर."

"अहो ताई, अपॉइंटमेंट आहे! बंधूंना मी काय सांगू?"

"मीच सांगते. थँक यू सर." खोड ती खोडच.

मग दादाला फोन लावला आणि सही करणार नाही म्हणून सांगितलं.

"कोणी भरवलं तुझ्या डोक्यात?"

"दादा, लावणी मी केली."

"ते जुनं झालं गो."

"मग तुझी मुंबईची माणसं पैसे देऊन काय करणार आहेत?"

तिकडून मागून वहिनीचा आवाज, फोन लांब धरलेला असला तरी स्पष्ट: "वन्संना म्हणावं, साडी परत पाठवा!"

पाठवली. पोस्टात कस्टमच्या फॉर्मवर आत काय आहे ते लिहायचं असतं. मी लिहिलं: साडी, एक.

तेव्हापासून दादाचा फोन नाही. यंदा गणपतीला ये असं कोणी म्हटलं नाही. होमस्टेच्या तीन खोल्या त्याच्या अर्ध्यात उभ्या राहिल्या, माझ्या अर्ध्यात गवत माजलंय, असं गावातली एक मैत्रीण सांगते. मी रोज बसमध्ये मोबाईलवर सातबारा उघडून बघते. नाव असतं. तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा बघते. माहेर गेलं याचं वाईट वाटत नाही असं म्हटलं तर खोटं होईल. पण ते माहेर टिकवायला तेरा साड्यांचं खाचर एका साडीत द्यायचं होतं, हे एकदा कळल्यावर विसरता येत नाही.

इबू आता रिटायर होणार. गुडघे गेलेत. तिची मुलं इथेच जन्मली, थोरला लीड्सला असतो. तो दर रविवारी तिच्या पट्ट्याबद्दल सांगतो, "मम, जस्ट सेल इट." चुलतभाऊही तेच म्हणतो, जास्त गोड आवाजात. तिला विकायचं नाही, पण तिच्या गावात आता तिच्या बाजूने बोलायला कोणी उरलेलं नाही.

इबू, मी तिकिटाचे पैसे जमवीन आणि एका लावणीला तुमच्या गावी येईन. तुम्ही बांधावर बसा. पट्टा कितीही अरुंद असो, सगळं गाव बघत असताना मी तो या टोकापासून त्या टोकापर्यंत तुमच्या नावाने लावून देईन. एवढं एक काम मला चांगलं येतं.