तीन पक्ष आणि एक राजा

माणसांची भांडणं स्वभावामुळे होत नाहीत, सरकार कसं बनवावं हे ठाऊक नसल्यामुळे होतात, असं छातीठोकपणे सांगणारा एकच माणूस मला आजवर भेटला, आणि त्याच्याबरोबर मी तीन वर्षं एकाच स्वयंपाकघरात काढली. ही ऐंशीच्या दशकाच्या मध्यावरची गोष्ट. पेनसिल्व्हेनियातल्या डोंगरांमध्ये विद्यापीठाचं एक गाव, तिथल्या बसच्या शेवटच्या थांब्यापाशी आमचं अपार्टमेंट, आणि त्यात आम्ही चौघं मराठी विद्यार्थी: मी, एक पुणेकर, एक नागपूरकर आणि हा. आम्ही तिघं इंजिनीअरिंगचे. हा एकटा राज्यशास्त्रात पीएच.डी. करत होता. मी आलो तेव्हा त्याला पाच वर्षं झाली होती आणि प्रबंध 'जवळजवळ झालाय' असं तो सांगत होता. ज्या देशात राजा किंवा राणी असते, पण कारभार निवडून आलेले लोक करतात, तिथे निवडणुकीनंतर सरकार नेमकं बनतं कसं, हा त्याचा विषय. अमेरिकेत येऊन राजाराण्यांचा अभ्यास कशाला, असं विचारलं की तो शांतपणे म्हणायचा, "अरे, इथे राजा नाही म्हणून तर नीट विचार करता येतो."

हा विचार त्याने ग्रंथालयात ठेवला असता तर आमची काही तक्रार नव्हती. पण तो रोज संध्याकाळी घरी घेऊन यायचा. मी राहायला आलो त्या दिवशी बॅगही उघडली नव्हती, तेवढ्यात हा तपकिरी स्वेटर घालून, हातात चहाचा कप घेऊन दारात उभा राहिला आणि मला स्वयंपाक येतो का म्हणून विचारलं. नाही म्हटल्यावर त्याचा चेहरा उजळला. "मग तू राजा," तो म्हणाला. राजाला काही यावं लागत नाही, उलट काही येत असलं तर पंचाईत होते, असं त्याचं म्हणणं. त्या क्षणापासून तो मला 'महाराज' आणि 'आपण' म्हणायला लागला. महाराजांकडे कचरा बाहेर नेणं आणि बाथरूम घासणं ही कामं आली, कारण ती राजवाड्याची देखभाल, त्यात राजकारण नाही. उरलेले तिघं म्हणजे तीन पक्ष, प्रत्येकी एक सभासद. दोघांनी मिळून सरकार करायचं, म्हणजे स्वयंपाक आणि भांडी. तिसरा विरोधी पक्षात, त्याने फक्त जेवायचं आणि जेवणावर टीका करायची. जगात सगळीकडे सत्तेसाठी मारामाऱ्या होतात. आमच्याकडे विरोधी पक्षात बसण्यासाठी व्हायच्या.

दर सेमिस्टरला वेळापत्रकं बदलली की जुनं सरकार राजीनामा देई आणि नवं बनवण्याचा सोहळा सुरू होई. हा चहा करून एकेकाच्या खोलीत जायचा, दार लावून घ्यायचा आणि अर्धा अर्धा तास बोलायचा. हॉलंडची राणी एखाद्या जाणत्या माणसाला अशीच कामगिरी सोपवते, सगळ्यांशी बोलून कोणाचं कोणाशी जमेल ते पाहून ये म्हणते, असं त्याने आम्हाला इतक्यांदा सांगितलं होतं की नागपूरकराने ते झोपेतही म्हणून दाखवलं असतं. पण खरी गंमत त्याच्या प्रश्नात होती. तुला काय हवंय, असं तो कधीच विचारत नसे. तो विचारायचा, "तुला काय चालणार नाही?" डेन्मार्कमध्ये सरकार बहुमताला हवं असावंच लागतं असं नाही, निम्म्याहून जास्त लोक 'नको' म्हणाले नाहीत की झालं, हा त्याच्या प्रबंधाचा गाभा होता. माणसाला काय हवं ते त्याचं त्यालाही ठाऊक नसतं, काय सोसवत नाही ते मात्र पक्कं ठाऊक असतं, असं तो म्हणे. पुणेकराला कांदा चिरणं चालत नसे, नागपूरकराला सकाळी आठच्या आत कोणाशी बोलणं चालत नसे. सगळ्यांचं न चालणारं वजा करून जे उरे, ते म्हणजे कढया घासणं आणि कणीक मळणं, हा स्वतःकडे घेई. माझ्या देखत सात सरकारं झाली आणि एक सोडून सगळ्यांत तो होता. त्याला काय चालत नाही, हे आम्ही कोणी कधी विचारलं नाही. सुचलंच नाही.

रविवारी राजाचं अभिभाषण असे. तो कागदावर लिहून द्यायचा आणि मी सोफ्यावर उभं राहून वाचायचं: "माझं सरकार या आठवड्यात कोबीची भाजी दोनदा करील." एकदा मी मध्येच थांबून म्हटलं, "यार, मला कोबी आवडत नाही." तो कमालीच्या नम्रपणे म्हणाला, "महाराज, राजाला कोबीबद्दल मत नसतं." मी पुढचं वाचलं.

दुसऱ्या वर्षी नागपूरकराने आमटीला 'गरम पाणी' म्हटलं म्हणून पुणेकराने राजीनामा दिला आणि सरकार पडलं. नवं होईपर्यंत हाच काळजीवाहू. काळजीवाहू सरकारने रोजची कामं तेवढी करायची, मोठे निर्णय घ्यायचे नाहीत, हा नियम त्याने इतका मनावर घेतला, की तांदूळ संपले तेव्हा त्याने हात वर केले. इंडियन दुकान गाडीने तीन तासांवर. तिथे जाणं हा त्याच्या मते धोरणात्मक निर्णय होता. "अरे पण भूक तर रोजची आहे ना!" नागपूरकर ओरडला. "भूक रोजची आहे, तांदूळ पॉलिसी मॅटर आहे," हा म्हणाला आणि ब्रेडवर लोणचं लावून खायला लागला. नऊ दिवस आम्ही तेच खाल्लं. दहाव्या दिवशी पुणेकर आणि नागपूरकर, जे एकमेकांकडे बघत नव्हते, एकत्र त्याच्या दारात जाऊन उभे राहिले आणि आम्हालाच सत्ता द्या म्हणाले. त्याने सिद्धान्त सिद्ध झाल्यासारखी वहीत नोंद केली. मला राग यायचा त्याचा, खोटं का बोलू. पण त्या घरात अबोला कधी दहाव्या दिवसापलीकडे गेला नाही, हेही खरं.

माझ्या तिसऱ्या वर्षी, म्हणजे त्याच्या आठव्या, मार्चमध्ये टपाल आणायला गेलो होतो. त्याच्या वडिलांचं पत्र होतं. ते निवृत्त मुख्याध्यापक, अक्षर मोत्यासारखं, आणि पत्त्यावर मुलाच्या नावाआधी ठसठशीत 'डॉ.' लिहिलेलं. "काका आत्तापासूनच डॉक्टर म्हणतात का रे?" मी हसत विचारलं. "चार वर्षं झाली," तो म्हणाला आणि खाली बसला. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. प्रबंध खरोखरच लिहून झाला होता. मेअखेर तो पाच प्राध्यापकांसमोर मांडून मंजूर झाला नाही तर नाव कमी होणार होतं, आणि नावाबरोबर व्हिसाही जाणार होता. तिघं तयार होते. उरलेले दोघं, याचे गाइड आणि विभागातले दुसरे एक वयस्कर प्राध्यापक, यांच्यावाचून चालणार नव्हतं. आणि ते दोघं कधीकाळी खिडकीवाल्या ऑफिसवरून भांडले होते, तेव्हापासून एका खोलीत बसायला तयार नव्हते.

"मग तू जाऊन बोल ना दोघांशी!" मी म्हटलं. "तूच तर यातला एक्स्पर्ट."

"ज्याला मिळवायचंय त्याने स्वतःसाठी दारोदार फिरायचं नसतं," तो म्हणाला. "मधला माणूस लागतो. तो वरून नेमावा लागतो."

मला काय झालं कोणास ठाऊक, मी त्याच्यासमोर बसलो आणि विचारलं, "तुला काय चालणार नाही?"

"तसाच परत जाणं," तो म्हणाला. "बाबा स्टेशनवर येतील रे."

दुसऱ्या दिवशी मी कोट चढवून विभागात गेलो. मी सिव्हिल इंजिनीअरिंगचा, तिथे माझा संबंध काय, असं दोघांनीही विचारलं. मी म्हटलं, मी त्याच्याबरोबर राहतो. मला प्रश्न एकच येत होता, तो मी विचारला. गाइड म्हणाले, त्या माणसाचं तोंड बघावं लागलेलं मला चालणार नाही. दुसरे म्हणाले, त्याच्यामागून प्रश्न विचारायची पाळी आलेली मला चालणार नाही. मी एक कागद घेतला आणि त्यावर टेबलाचं चित्र काढलं. पाचही जण एकाच बाजूला, हे दोघं दोन टोकांना, मध्ये तिघं. एकमेकांचं तोंड दिसायची सोय नाही. प्रश्न त्या दुसऱ्या प्राध्यापकांपासून सुरू. दोघांपैकी कोणीही 'हो' म्हटलं नाही. पण 'नाही'ही म्हटलं नाही, आणि तेवढं पुरतं हे मी कढया घासणाऱ्या माणसाकडून शिकलो होतो.

मेमध्ये त्या बंद दाराबाहेर आम्ही तिघं अडीच तास बसलो. पुणेकराने नखं खाल्ली, नागपूरकराने तीनदा देवाचं नाव घेतलं आणि आम्ही हटकल्यावर तिन्ही वेळा ते नाकारलं. शेवटी हा बाहेर आला. "काय झालं?" आम्ही एकदम विचारलं. "कोणी नको म्हटलं नाही," तो म्हणाला, आणि मग भिंतीला टेकून लहान मुलासारखा रडला.

टेबलाची मांडणी कोणाची ते गाइडनी त्याला सांगितलंच. संध्याकाळी तो एक टाइप केलेला कागद घेऊन माझ्या खोलीत आला. राजाने राजकारणात हात घातला की त्याला गादीवर राहता येत नाही, तेव्हा या पदत्यागावर सही करावी, असं त्यात होतं. मला वाटलं, थट्टा करतोय. पण तो गंभीर होता, आणि डोळे भरलेले होते. मी सही केली. त्याने कागद घडी करून खिशात ठेवला, माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि गेला.

जूनमध्ये त्याला दूर पश्चिमेकडे एका छोट्या कॉलेजात नोकरी लागली. दोन बॅगा आणि प्रबंधाची एक जाड प्रत घेऊन तो बसमध्ये चढला. त्यानंतर आमच्या घरात सरकार बनलं नाही. पुणेकर आणि नागपूरकर जुलैत कशावरून तरी भांडले, दहा दिवस झाले, वीस झाले, आणि ऑगस्टमध्ये आम्ही तीन वेगळ्या घरांत राहायला गेलो. पुढे मी नोकरीसाठी न्यू जर्सीला आलो, संसार झाला, त्याची पत्रं कमी होत होत थांबली. आयुष्यात एखादं धड काम केलंस का, असं कोणी विचारलं तर मी त्या दोन प्राध्यापकांच्या दारांवर जाऊन आलो तेच सांगतो. आणि सांगता सांगता दर वेळी मनात येतं, की त्याचं जाणं अजून एखादं वर्ष लांबवता आलं असतं तर फार बरं झालं असतं.