डब्यावरच्या चार रेघा

सावद्याच्या लताबाईंना देवाने एक डोळा जास्तीचा दिला होता आणि तो चोवीस तास स्वयंपाकघरावर असायचा. तेलाच्या बरणीला त्यांनी बाहेरून दोरा बांधलेला होता. तेल दोऱ्याच्या खाली गेलं की घरात चौकशी बसायची. गॅसची टाकी आली की त्या आधी ती हलवून बघत, मग उचलून बघत आणि मग टाकी आणणाऱ्या माणसाच्या तोंडाकडे बघत. दूधवाले उखर्डूनाना बावीस वर्षं त्यांच्याकडे दूध घालत होते आणि लताबाईंच्या लेखी बावीस वर्षं चोर होते. नानांना हे ठाऊक होतं. तरी ते रोज यायचे आणि रोज त्यांचं माप लताबाई स्वतःच्या पेल्याने पुन्हा मोजून घ्यायच्या.

पण खरा पहारा होता तो पिठाच्या डब्यावर. पत्र्याचा, पंधरा किलोचा डबा. त्याच्या आतल्या अंगाला खिळ्याने ओढलेल्या चार रेघा. एक रेघ चार दिवसांची. कळण्याचं पीठ, म्हणजे ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेलं, चौथ्या रेघेला टेकलं की सोळावा दिवस. त्याच्या आत टेकलं तर कुणीतरी हात मारला असं समजायचं. ‘आंधळं दळतं अन् कुत्रं पीठ खातं’ ही म्हण दुसऱ्यांच्या घरासाठी. लताबाईंच्या घरात शिरायची कुत्र्याची काय बिशाद होती!

हा स्वभाव काही जन्मजात नव्हता. नवरा तोताराम केळीचे घड ट्रकमध्ये भरायचा. तो गेला तेव्हा मुलगा नवीन सात वर्षांचा होता. त्या वर्षी मजुरीचा आठवडा संपायच्या आधी दोनदा पीठ संपलं आणि पोरगं पाणी पिऊन निजलं. दुसऱ्या दिवशी लताबाईंनी खिळा घेऊन डब्यात रेघा ओढल्या. पुढे नवीन कमावता झाला, केळीच्या वखारीत वजनकाट्यावर लागला, तशी रेघांमधली पिठाची जागा वाढली, डबा मोठा झाला. पण रेघा राहिल्या.

तीन वर्षांपूर्वी नवीनचं लग्न झालं. मुलगी धुळे जिल्ह्यातली, नरडाण्याची, भूमिका नावाची. तिच्या अहिराणी बोलीतलं ‘आहे’ला ‘शे’ आणि ‘नाही’ला ‘नही’ ऐकलं की लताबाईंच्या कपाळाला आठी पडायची. लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात पीठ दोन दिवस आधी तळाला गेलं. लताबाईंनी सरळ सांगून टाकलं, की सून माहेरी पीठ धाडते.

नवीन एवढा हसला, की त्याला ठसका लागला. “आई, नरडान्याले पीठ धाडाचं म्हंजे पिठापेक्षा भाडंच जास्ती व्हईन! मीच खाल्लं ते. तिच्या हातची भाकर गोड लागते.”

तेव्हापासून जेवायला बसताना तो त्या डब्यावर टिचकी मारायचा आणि म्हणायचा, “चोर आला वं माय!” रात्री चार भाकरी खायचा, सकाळी कामावर तीन बांधून न्यायचा. आणि लताबाई वरवर करवादायच्या, आतून मात्र सुखावून जायच्या.

पौष महिन्यात एका रात्री नवीन वखारीतून मोटारसायकलवर घरी यायला निघाला. रस्त्यात दिवा नसलेली ट्रॅक्टरची ट्रॉली उभी होती. एवढंच.

दोन महिने घर माणसांनी भरलेलं होतं. कुणी खिचडी आणली, कुणी पोळ्या. फाल्गुनात माणसं पांगली आणि उरल्या दोन बायका, मधे एक भिंत असल्यासारख्या. गाडी मोडली, चालवणारा गेला, गाडीचा हप्ता मात्र ठणठणीत होता. भूमिका केळीच्या पॅकहाउसवर जाऊ लागली, तीनशे रुपये रोजाने. फण्या धुवायच्या, पुसायच्या, खोक्यात भरायच्या. संध्याकाळी ती यायची तेव्हा तिच्या बोटांवर केळीच्या चिकाचे काळे डाग असायचे.

आणि होते दोन लाख. म्हणजे अजून नव्हते. नवीनच्या बँकखात्यावर अपघाताचा विमा होता आणि वारस म्हणून नाव होतं भूमिकाचं. विचारायला गेलं की बँकेतला माणूस म्हणायचा, “कागद वर गेलेत.” लताबाईंना वाटायचं, वर गेला तो माझा मुलगा, कागद कशाला वर जातील? रात्री डोळे मिटले की एकच विचार यायचा. पैसे हिच्या नावावर येतील. ही पंचवीस वर्षांची. पैसे घेऊन नरडाण्याला जाईल, आणि आपण या घरात एकट्या, हप्त्याच्या नोटिसा वाचायला.

चैत्रात, पाडवा झाल्यावर, लताबाईंनी डबा पुन्हा भरून दळून आणला. सोळाव्या दिवशी झाकण उघडलं आणि त्यांच्या मनात पाल चुकचुकली.

पीठ दुसऱ्या रेघेच्याही वर होतं.

आयुष्यभर त्यांनी कमी झालेल्या गोष्टींचा माग काढला होता. कमी न होणाऱ्या गोष्टीचं काय करायचं हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. चोर घेऊन जातो, हे समजतं. पण गुपचूप आणून टाकणारा कोण? आणि कशासाठी?

त्यांनी सापळे लावले. झाकणाच्या कडेला डोक्याचा केस चिकटवून ठेवला. केस जागचा हलायचा, पण भूमिका भाकरीसाठी पीठ काढायचीच, त्यामुळे पुरावा टिकेना. पिठावर तळहाताचा ठसा उमटवून ठेवला, तोही भूमिकाच्या वाटीने मोडला. पिठाचा वास घेऊन पाहिला. आपल्याच ज्वारीचा वास येत होता. म्हणजे बाई हुशार, वासही जुळवून आणते!

शेजारी आबेदा कपडे शिवायची. तिच्यापाशी त्यांनी मन मोकळं केलं. आबेदाने मशीन थांबवलं आणि म्हणाली, “अक्का, आमच्यात याला बरकत म्हणतात.”

“बरकत!” लताबाई फणकारल्या. “जिच्या घरातला कर्ता पोरगा गेला तिच्या घरी बरकत कुढून येईन? कोनीतरी पैशाचं पीठ आनून राह्यलं, आबेदा. विम्याचे आले. मले सांगितलं नई.”

आबेदाने लताबाईंच्या चेहऱ्याकडे बघून पुन्हा मशीनच्या पायट्यावर पाय ठेवला.

आखाजी तोंडावर आली तसं सगळं जुळत गेलं. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, पितरांचा आणि लेकीबाळींनी माहेरी जायचा सण. भूमिकाचा भाऊ हितेंद्र याचा फोन आला. भूमिका बाहेरच्या ओट्याच्या टोकाला जाऊन हळू आवाजात बोलत होती. लताबाई खिडकीमागे कांदा चिरत उभ्या राहिल्या. त्यांच्या कानावर एकच वाक्य पडलं, “आईले आते सांगू नको, दादा.”

कांदा तसाच राहिला. पैसे आले, भावाला कळले, आता घेऊन जायचं ठरलं. आणि जाण्याआधी म्हातारीच्या घरात थोडं पीठ भरून ठेवायचं, म्हणजे उद्या लोकांनी बोट दाखवायला नको. लताबाईंना सुनेचा राग आला, आणि त्याहून जास्त भीती वाटली. राग होता तोवर ठीक होतं. भीतीने मात्र त्यांना रात्र रात्र झोप लागेना.

आखाजीच्या सकाळी भूमिका दोन किलो आंबे घेऊन आली. लताबाईंनी आंब्यांकडे पाहिलं, मग तिच्याकडे. ऐन सणाला आंबा ऐंशी रुपये किलोच्या खाली नव्हता.

“कुढून आले पैसे?”

“मन्हा रोजना पैसा शेत,” भूमिका म्हणाली. “त्यास्ले आंबा आवडे.”

लताबाईंनी नवीनच्या नावाचा एक आंबा वेगळा काढून ठेवला. दोघींनी मिळून पुरण वाटलं, सांजोऱ्या तळल्या. मातीची नवी घागर भरून तिच्यावर लहान मडकं, त्यावर खरबूज, सांजोरी आणि आंबा ठेवला. मग लताबाई उंबरठ्यापाशी बसल्या. घरातून गेलेल्या एकेका माणसाचं नाव घ्यायचं आणि कुंकवाचं एक बोट उंबरठ्यावर ओढायचं, अशी रीत. सासऱ्याचं बोट ओढलं, सासूचं ओढलं. तोतारामचं ओढलं. मग बोट पुन्हा कुंकवात बुडालं आणि तिथेच राहिलं. आईने मुलाचं बोट ओढायचं, ही रीत कुठल्या मेल्याने काढली असेल! भूमिकाने खाली बसून त्यांचं मनगट धरलं, आणि दोघींच्या हातांनी ती रेघ ओढली गेली. उंबरठ्यावर चार रेघा झाल्या.

गेलेल्यांच्या जागी, पितर म्हणून, उखर्डूनाना जेवायला आले. बावीस वर्षांच्या चोराला लताबाईंनी आपल्या हाताने आमरस वाढला. नाना जेवता जेवता रडत होते, आणि तरी त्या मनातल्या मनात त्यांच्या पोळ्या मोजत होत्या. सवय कुठे जाते?

दुसऱ्या दिवशी हितेंद्र मोटारसायकल घेऊन बहिणीला न्यायला आला. भूमिकाची पिशवी दारात तयार होती. चहा झाला, आणि लताबाईंचा बांध फुटला.

“पासबुक दाखव,” त्या म्हणाल्या. “विम्याचे पैसे आले ना? खरं सांग मले. जायाचं तं जा, पन चोरून जाऊ नको.”

हितेंद्र उठून उभा राहिला. भूमिकाने त्याला हातानेच बसवलं. पिशवीतून पासबुक काढून तिने सासूच्या हातात दिलं. लताबाईंना अक्षरं नीट लागत नसली तरी आकडे लागत. शेवटचा आकडा होता सहाशे चाळीस.

“मंग दादाले काहून म्हनली, आईले सांगू नको?”

आता हितेंद्रच बोलला. नरडाण्याच्या एका कंपनीत त्याने बहिणीसाठी काम बघून ठेवलं होतं. पगार बरा होता. “ही अजून हो म्हणत नाही आणि नाही पण म्हणत नाही, मावशी. म्हणून तुम्हाला सांगितलं नव्हतं.”

लताबाईंच्या पायाखालची जमीन सरकली. म्हणजे अगदीच खोटा नव्हता त्यांचा संशय. पण एक गाठ अजून सुटत नव्हती, आणि त्यांनी तीच धरून ठेवली.

“आन पीठ? पीठ कोन आनून टाकते डब्यात?”

भूमिकाने पिशवी खाली ठेवली. मग तिने त्यांचा हात धरून त्यांना स्वयंपाकघरात नेलं आणि डब्याचं झाकण काढलं.

“डबामा कोनीच काही टाकत नही, आई,” ती म्हणाली. “त्या रोज रातले चार भाकरी खायेत. तीन सकायले संगे लई जायेत. आते कोन खाई? मी दोन खास. तुम्ही एक लेतस, तीबी अर्धी गायले टाकतस.” तिने डबा त्यांच्याकडे कलता केला. “खानाराच चालना गया, आई. डबा कसा सरी?”

लताबाई डब्यात बघत राहिल्या. आयुष्यभर पैशापैशाचा हिशेब ठेवलेली बाई, पण ही एवढी साधी वजाबाकी तिला सुटली नव्हती. नवीन गेला हे त्यांना कळलं होतं. त्यांच्या रेघांना ते कुणी सांगितलंच नव्हतं. डब्यातल्या त्या रेघांसाठी पोरगा अजून रोज सात भाकरी खात होता. त्या तिथेच जमिनीवर बसल्या आणि पौषापासून पहिल्यांदा, मोठ्याने, शेजारी ऐकू जाईल अशा रडल्या.

बऱ्याच वेळाने भूमिकाने फडताळातून खिळा काढला. कुठे ठेवलाय हे तिला नेमकं माहीत होतं. तिने डब्यात हात घालून पत्र्यावर एक नवी रेघ ओढली, आत्ताच्या पिठापासून चार बोटं खाली.

“मी आठ रोजमा येसू,” ती डोळे पुसत म्हणाली. “तवय पीठ ह्या रेघले भिडेल पाहिजे. नही भिडनं तं मी समजी जासू, तुम्ही जेवत नही.”

“माह्यावर संशय घेते व्हय वं?”

“तुम्हनाच पासून शिकनू,” भूमिका म्हणाली आणि पिशवी उचलून गाडीवर बसली.

दोन दिवस लताबाईंनी नेहमीसारखी एकच भाकरी केली. तिसऱ्या दिवशी डबा उघडला, तर पीठ जेमतेम हललेलं. रेघ अजून खोल होती. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, मोठं पातेलं घेतलं आणि त्यात पीठ भरलं. आबेदाच्या घरी देऊन टाकावं, म्हणजे रेघ गाठली जाईल. पातेलं घेऊन त्या दारापर्यंत गेल्या आणि थबकल्या. ती पोरगी आल्याआल्या आबेदाला विचारणार. आपण असतो तर आपण तेच केलं असतं.

उंबरठ्यावरच्या कुंकवाच्या चार रेघा अजून पुसल्या गेल्या नव्हत्या. लताबाई त्यांच्याशेजारी टेकल्या. हप्ता द्यायचा होता. विम्याचा कागद वरच होता. कंपनीतलं काम तसंच नरडाण्यात उभं होतं. आठव्या दिवशी बस रिकामी आली तर? मग त्यांच्या नेहमीच्या, कुणावरही विश्वास न ठेवणाऱ्या डोक्याने हळूहळू उलटतपासणी घेतली. जिला परत यायचं नाही, ती बाई रेघ कशाला ओढून जाईल? जी बघायला येणारच नाही, ती खूण कशाला करेल? रेघ त्याच माणसासाठी ओढतात, ज्याचं पोट भरायचं असतं. हे लताबाईंइतकं कुणाला ठाऊक होतं?

पुरावा पक्का होता. त्या उठल्या, पातेल्यातलं पीठ परत डब्यात ओतलं आणि दोन भाकरींपुरतं मळलं. पहिली भाकरी त्यांनी सगळी खाल्ली, तुकडासुद्धा गायीला टाकला नाही. मग डब्यावर एक टिचकी मारली, आणि दुसरी भाकरी थापायला घेतली.