टाकीतलं पंचामृत

कानिफनाथ चिडला की गप्प बसतो, आणि गेली चार वर्षं तो बहुतेक वेळ गप्पच असायचा. सुप्याच्या एमआयडीसीत प्लास्टिकचे पाइप बनवणारा एक कारखाना आहे, तिथला कूलिंग टॉवर त्याच्या ताब्यात. साचे गार करून तापलेलं पाणी टॉवरवरून साठ हजार लिटरच्या टाकीत पडतं, निवतं आणि परत साच्यांकडे जातं. एकोणीस वर्षं हेच. कुणी विचारलं तर त्याची बायको सविता सांगते, पाण्याच्या टाकीवर असतात. झालं, एवढीच त्याची किंमत!

खरा वैरी डोळ्यांना दिसत नाही. पाण्यात जंतू वाढतात आणि पाइपांना आतून बुळबुळीत थर धरतात. कारखान्यात त्याला चिकटा म्हणतात. हा चिकटा कागदाएवढा जाड झाला तरी साचे तापतात, मशीन बंद पडतं आणि खापर फुटतं कानिफनाथवर. औषध टाकलं नाहीस का रे? अहो, टाकलं की! पण वरचे जंतू मरतात आणि चिकट्याच्या आड बसलेले मजेत राहतात. लॅबमधल्या अनन्या मॅडमनी त्याला शिकवलं, की आधी थर सुटा करणारं औषध द्यायचं, मग मारणारं, तेही दोन प्रकारचं आलटूनपालटून. दहावी नापास माणूस, पण त्याने ते घोटून पाठ केलं. दर सोमवारी तो चाचणीची पट्टी पाण्यात बुडवून उबेला ठेवायचा आणि दोन दिवसांनी तिच्यावरचे लाल ठिपके मोजून वहीत लिहायचा. वर्षभर पाच-सात ठिपके. आणि दसरा झाला की पट्टी लालभडक. दरवर्षी! का, ते काही केल्या कळेना.

यंदा प्लँट हेड अवधूत साहेबांनी त्याला सुनावलं होतं, की आता मशीन तापून बंद पडलं तर टॉवर बाहेरच्या एजन्सीला जाईल आणि कानिफनाथ गोडाऊनला. त्याचा जीव टांगणीला लागला. त्याने चार वर्षांची वही अनन्या मॅडमपुढे ठेवली. त्यांनी तारखा पाहिल्या आणि विचारलं, खंडेनवमीला तुम्ही टॉवरवर काय करता?

कानिफनाथने कपाळावर हात मारला. खंडेनवमीला यंत्रांची पूजा होते, आणि टॉवरच्या टाकीत पंचामृत ओततात. ही रीत त्यानेच पाडलेली. त्याची वाडी पारनेर तालुक्याच्या माळावर, उन्हाळ्यात दिवसाआड एक टँकर. एवढं पाणी एका जागी पाहून पहिल्याच वर्षी त्याने हात जोडले होते आणि तांब्याभर पंचामृत वाहिलं होतं. पुढे ज्याच्या घरी गाय व्याली तो दूध आणू लागला. तांब्याचे आता चार कॅन झाले होते, वर दही, गूळ, मध. जंतूंना जेवणावळच की! मॅडम म्हणाल्या, औषध त्या दुधावरच खर्ची पडतं. एकदा दूध पडलं की उपाय एकच, त्याच दिवशी सगळी टाकी सोडून द्यायची.

तो साहेबांकडे गेला. टाकीत नको, पंपाची पूजा करू, म्हणाला. साहेब हसले. एवढ्या पाण्यात थोड्या दुधाने काय होतंय, आणि लोकांच्या भावना कशाला दुखवायच्या? आता बोला! एजन्सीची धमकी देणारे हेच, आणि फोटोसाठी पहिला तांब्या ओतणारेही हेच.

नवमीला मशीनं बंद होती. साहेबांनी तांब्या ओतला, फोटो झाला आणि ते ऑफिसात गेले. मग कॅन पुढे आले. कानिफनाथ टाकीपुढे आडवा उभा राहिला. "नका वतू रे, पाया पडतो," तो म्हणाला.

पॅकिंगचा गोरक्षनाथ, त्याचा जुना सोबती, कॅन घेऊन समोरच होता. "कानिफ, पयला तांब्या तूच वतला हुता की."

"व्हय, मीच. तवा मला कळत न्हवतं."

लोक हसले. कुणीतरी त्याला खांद्याला धरून बाजूला केलं, प्रेमानेच केलं, आणि चारही कॅन रिकामे झाले. पाणी पांढुरकं झालं. त्याला रडू आलं, आणि रागही आला, त्या लोकांचा नाही, त्या पहिल्या तांब्याचा.

तो टाकीच्या मागे गेला आणि तळाचा व्हॉल्व्ह दोन्ही हातांनी पुरता उघडला. पाणी गटारात धो धो पडू लागलं. हसणं थांबलं. हे सगळे कोरड्या गावांचे लोक, असं पाणी वाया जाताना त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. गोरक्षनाथ धावत आला. "आरं, याड लागलं का तुला? किती पानी चाललंय!"

"सा टँकर," कानिफनाथ म्हणाला. "आमच्या वाडीचं बारा दिसाचं पानी हाय ते. मोजूनच सोडलंय."

त्याने व्हॉल्व्हवरचा हात काढला नाही. गोरक्षनाथ रिकामा कॅन धरून उभाच राहिला, आणि टाकीचा तळ दिसेपर्यंत कुणीही तिथून हललं नाही.