आतोबांचा चौथा पर्याय

एमबीएच्या प्रवेश परीक्षेची माझी तयारी हिरव्या झेंडीवर सुरू होत असे आणि लाल झेंडीवर थांबत असे. झेंड्या खऱ्या होत्या. माझे आतोबा, म्हणजे आत्याचे यजमान, परळी वैजनाथ स्टेशनात पॉइंट्समन होते. निवृत्त होताना त्या झेंड्या परत करायच्या राहून गेल्या, असे ते सांगत. मी पलंगावर पुस्तक उघडून बसले की ते दारात पाय जुळवून उभे राहत, शिट्टी फुंकत आणि हिरवी झेंडी हलवत. वेळ संपली की लाल. त्यानंतर एक अक्षर लिहिलेले त्यांना चालत नसे. "लाल दावल्यावर डबा पुढं सरकला तर त्येला काय म्हणतेत? अपघात म्हणतेत," असे शांतपणे सांगून ते माझ्या हातातले पेन काढून घेत.

आमचे गाव धर्मापुरी. कॉलेजसाठी मी परळीला आत्याकडे राहिले आणि बी. कॉम. झाल्यावर या परीक्षेसाठी तिथेच थांबले. परीक्षा एकदाच द्यायची होती. माझ्या वडिलांनी, आप्पांनी, तसे स्पष्ट सांगितले होते. नंबर लागला तर पुण्याला जा, नाही लागला तर येत्या अक्षय्य तृतीयेला आत्याच्या घरात सून म्हणून जा. आत्याचा मुलगा बाळू वीजकेंद्राच्या राखेचा टिप्पर चालवायचा. त्याला व्यसन नव्हते, उलट बोलणे नव्हते. आत्याला एकच भाऊ आणि त्या भावाला मी एकच मुलगी. मामाची मुलगी भाच्याला द्यायची हे आमच्याकडे ठरवावे लागत नाही, ठरलेलेच असते. मोडायचे असेल तरच बैठक बसते. बाळूबद्दल माझी तक्रार नव्हती. मला फक्त या घरातून त्याच घरात जायचे नव्हते. हे मी कोणाजवळ बोलले नव्हते. मी तशी फार बोलत नसे.

म्हणजे मी नापास होण्याची वाट पाहणाऱ्या घरात, होणाऱ्या सासऱ्याच्या झेंडीवर, मी पास होण्याचा अभ्यास करत होते. यात काही विचित्र आहे असे आतोबांच्या वागण्यावरून कधी वाटले नाही.

माझी अडचण वेगाची होती. उतारा दिला की मी तो गोष्टीसारखा वाचायची आणि शेवटी लेखकाचे पुढे काय झाले असेल याचा विचार करत बसायची. गणिताचेही तेच. आतोबा म्हणाले, "तू मोठ्यानं वाचत जा. मराठीत सांग. मालगाडी असो का मेल, आवाज आला की आपोआप रूळ मोकळा व्हतो." रूळ काही मोकळा झाला नाही. त्यावर आतोबाच येऊन बसले.

"एक गाडी तीनशे मीटर लांबीचा प्लॅटफॉर्म वीस सेकंदांत ओलांडते," मी वाचले.

"ओलांडती? थांबत न्हाई?"

"नाही."

"मास्तर कुटं गेलता?"

"दिलेलं नाही, आतोबा."

"परळीला आल्यावर इंजन काढून दुसऱ्या तोंडाला लावतेत. मंग गाडीचं पुढचं तोंड कोणतं धरायचं?"

"तेही दिलेलं नाही."

"मंग ह्यांनी दिलंय काय?" ते म्हणाले. "पर्याय वाच."

मी तीन आकडे वाचले आणि चौथा पर्याय वाचला: दिलेल्या माहितीवरून सांगता येत नाही. आतोबांनी तो पुन्हा वाचायला लावला. मग पुस्तक हातात घेऊन, इंग्रजी नीट येत नसताना, त्या ओळीवरून बोट फिरवले. पानावर बसलेली राख फुंकली. परळीत थर्मल वीजकेंद्राची राख सगळ्यावर बसते.

"हे कुणी लिवलं?"

"पुस्तकवाल्यांनी."

"लई शाना माणूस हाय," आतोबा म्हणाले. "एवढी साल नोकरी केली, पर हे असं म्हणता येतं हे कुणी सांगितलं न्हाई."

त्या दिवसापासून आतोबांचे एकच उत्तर झाले. अ एक काम दहा दिवसांत करतो, ब पंधरा दिवसांत, दोघे मिळून किती दिवसांत करतील? "भाऊ हायेत का दोघं? भाऊ असले तर कामच व्हत न्हाई. चौथा." टाकीच्या वरचा नळ चालू आहे आणि खालून गळती आहे, तर टाकी केव्हा भरेल? "गळती ठाऊक असून वरनं पाणी सोडणाऱ्याला आधी हितं बोलवा. चौथा." पुस्तकातले बरोबर उत्तर त्यांना कधीच पटले नाही. मात्र त्यांना समजावून सांगता सांगता मला ते पाठ व्हायचे. माझा वेग कसा वाढला याचे दुसरे कारण मला आजही सापडत नाही.

उत्तर पुस्तकात मावेना तेव्हा घरात पसरले. आत्या विचारायची, "जेवायला कवा येताव?" आतोबा चपला घालता घालता म्हणायचे, "दिलेल्या माहितीवरनं सांगता येत न्हाई." आत्या दोरीवरचे कपडे झटकत म्हणायची, "मंग राहा उपाशी." मंदिराजवळ कोणी निवडणुकीत कोण येणार असे विचारले तरी आतोबा म्हणायचे, "चौथा." विचारणारा बराच वेळ चौथा उमेदवार कोण ते आठवत बसायचा.

एका संध्याकाळी आम्ही नात्यांच्या प्रश्नांपाशी आलो. आत्या भाकरी थापत होती, बाळू जेवत होता. मी वाचायला लागले. "एका फोटोकडे बोट दाखवून रमेश म्हणाला, ही माझ्या आईच्या एकुलत्या भावाची एकुलती मुलगी. तर फोटोतली मुलगी रमेशची कोण?"

वाक्य संपेपर्यंत मी काय वाचते आहे ते माझ्या लक्षात आले नाही.

"बायको," आत्या म्हणाली.

"पर्यायांत बायको नाही, आत्या."

"नसंल कशी? नीट बघ."

"बहीण, भाची, मावशी. आणि चौथा."

"बहीण?" आत्याने परातीतला हात वर उचलला. "मामाची पोरगी बहीण? कोणत्या मुलखातलं पुस्तक हाय गं हे?"

"दिल्लीचं."

"तरीच."

बाळूने ताटातून मान वर न करता विचारले, "रमेश काय धंदा करतो?"

"दिलेलं नाही."

"मंग ती कावून करंल त्याच्याशी लग्न?"

"तू गप जेव," आत्या म्हणाली. "ही माय पुण्याला शिकाया जाऊन आत्याच्या पोराला भाऊ म्हणायचं शिकनार."

आतोबांनी चष्मा काढून धोतराला पुसला. "फोटू कवाचा हाय?"

"दिलेलं नाही."

"त्या पोरीला कुणी इचारलंय?"

मी पुस्तकात पाहिले. खरे म्हणजे पाहायची गरज नव्हती. "दिलेलं नाही," मी म्हणाले.

"मंग चौथा. रमेशनं नुसतं बोट दावलंय. बोट दावून बायको व्हत न्हाई अन् बहीण बी व्हत न्हाई. सांगता येत न्हाई."

तव्यावरची भाकरी करपली. आत्याने ती उलटली नाही. बाळूने पाणी प्यायले, ताट उचलले आणि जाताना माझ्याकडे पाहून थोडा हसला. ते हसणे सुटकेचे होते, हे त्याने मला नंतर खूप वर्षांनी सांगितले.

परीक्षेचे केंद्र लातूरला आले. आप्पा म्हणाले, पोरीला एकटी धाडणार नाही. आतोबा सोबत यायला तयार झाले, पण त्यांची एक अट होती. "गेटाबाहेर बसून मी काय करू? तितं बाप लोक झाडाखाली बसून शेंगा खातेत. मी आत येतो." परीक्षेला वयाची अट नव्हती. नोकरीत असताना आतोबा बाहेरून बी. ए. झाले होते, कशासाठी ते कोणालाच माहीत नव्हते. ते आता कळले, असे ते म्हणाले. अर्जासाठी टोपी काढून फोटो काढावा लागला. तो पाहून आत्या म्हणाली, "हे कोण?" आणि मग गल्लीभर सांगत सुटली, "म्हाताऱ्याला मॅनेजर व्हायचंय. मी साहेबीण व्हनार."

केंद्राच्या दारात रक्षकाने त्यांना हात जोडून सांगितले, "काका, पालकांनी बाहेर थांबायचं." आतोबांनी प्रवेशपत्र दाखवले. रक्षकाने ते उलटसुलट पाहिले, दुसऱ्याला बोलावले, दुसऱ्याने तिसऱ्याला. शेवटी यंत्र फिरवले तर ते कमरेपाशी वाजले. चांदीचा करदोटा होता. तो काढायला आतोबा तयार नव्हते. "आईनं बांधलेला हाय. ह्यात उत्तरं न्हाईत, बे." मागे मुलांची रांग वाढत चालली होती. मी म्हणाले, "आतोबा, लाल झेंडी पडेल." तेव्हा त्यांनी तो काढला आणि रक्षकाच्याच हातात ठेवला. "सांभाळ. मी येऊस्तोवर ही तुजी आई समज."

आम्हाला वेगवेगळ्या खोल्या मिळाल्या. माझ्या पेपरात नात्यांचे दोन प्रश्न होते. दोन्हींची दिल्लीची उत्तरे मी दिली आणि पुढे सरकले. पलीकडच्या खोलीत तेही बसलेले आहेत, एवढ्याने हात स्थिर राहिला.

बाहेर आल्यावर विचारले तर म्हणाले, "सगळ्याला चौथाच दाबला."

"सगळीकडे चौथा पर्याय तोच नसतो, आतोबा."

"नसू दे. आपलं म्हणणं त्येंना एकडाव कळलं पायजे."

निकाल आला. मला सरकारी कॉलेज मिळण्याइतके पर्सेंटाइल होते. आतोबांना चार होते. पर्सेंटाइल म्हणजे काय, ते मी समजावले: शंभरात आपल्या मागे किती माणसे आहेत, तो आकडा. आतोबा उठून उभे राहिले.

"माज्या मागं चार जण हायेत?"

"हो."

"तरणीताठी पोरं? क्लास लावलेली?"

"असतील."

अभिमान दुपारपर्यंत टिकला. नंतर त्यांना त्या चौघांची काळजी लागली. काय चुकले असेल, घरी काय बोलणी बसली असतील, एखादीचे लग्न तर ठरले नसेल. वैद्यनाथाच्या देवळात ते रोज हात जोडून म्हणत, "बाळूला बरकत दे, पोरीला पुण्यात नंबर दे, अन् त्या चौघांचं बी बघ." माझे शिक्षण संपून नोकरी लागल्यावरही फोनवर विचारायचे, "त्या चौघांचं काई कळलं का गं?" मी म्हणायची, "दिलेलं नाही."

मी पुण्याला निघाले तेव्हा आत्या स्टेशनवर आली नाही. तिने दशम्या बांधून दिल्या होत्या आणि पाठ फिरवून माझ्याशी नव्हे, दशम्यांशी बोलली होती. "जावा. तितं बहीण म्हणून घ्या." आतोबा मात्र आले. त्यांनी प्लॅटफॉर्मवर पाय जुळवून हिरवी झेंडी दाखवली. गाडी सुटायला वेळ होता. मागच्या डब्यातून गार्ड ओरडला, "ओ काका, खाली करा ती." आतोबांनी खाली केली नाही.

या थंडीत त्यांना अंबाजोगाईच्या दवाखान्यात ठेवले होते. मी पोहोचले तेव्हा डॉक्टर विचारत होते, "आजोबा, आता कसं वाटतंय?" आतोबांनी माझ्याकडे पाहिले. मला वाटले, आता ते म्हणणार. ते म्हणालेच. डॉक्टर मेंदूचा फोटो काढायचा का, असे बाळूला विचारू लागले.

नंतर आतोबांनी मला विचारले, "तुजं हापीस काय करतं?"

"मी मुलाखती घेते. माणसं निवडते."

"चौथा ठेवतीस का?"

"ठेवते," मी म्हणाले. तेव्हा ते खरे नव्हते. आता ठेवते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेले.

परळीला घरासमोर खूप माणसे जमली. बाळू मडके घेऊन पुढे उभा राहिला. खांद्याला तिघे झाले: शेजारचे दोघे आणि स्टेशनातला एक जुना सोबती. चौथ्यासाठी मागून कोणी पुढे येण्याआधी आत्या उंबऱ्यातून म्हणाली, "हिला घ्या." बाळूशी ठरलेले माझे लग्न मोडल्यापासून तिने चारचौघांत माझे नाव घेतले नव्हते. आताही घेतले नाही, बोट दाखवले.

तेलगावहून आलेले आतोबांचे चुलतभाऊ दादाराव पुढे झाले. ते काही वाईट मनाचे नव्हते. त्यांना फक्त हिशेब लागत नव्हता. "बाई माणूस हाय, ते बी सोडा. पर पोरगी न्हाई, सून न्हाई. तू त्येची कोण लागतीस गं?"

सगळे माझ्याकडे पाहू लागले. बायकोच्या एकुलत्या भावाची एकुलती मुलगी. मी मनात पर्याय लावून पाहिले. भाची पुरेना, मुलगी आणि सून तर दादारावांनीच खोडल्या होत्या.

"दिलेल्या माहितीवरून सांगता येत नाही," मी म्हणाले.

बाळूच्या हातातले मडके हलले. तो तोंड फिरवून हसत होता की रडत होता, ते मला मागून कळले नाही. दादाराव म्हणाले, "म्हंजी?"

आत्याने पदराने डोळे पुसले. "म्हंजी चौथी," ती म्हणाली. "सरा, खांदा देऊ द्या तिला."